उपास आहे

दौलत तळवडेकर एडनहून परळला कायमचा परत आला, तेव्हा चाळीला वाटलं की हा आता ट्रंक उघडेल, अत्तराच्या बाटल्या वाटेल आणि समुद्रापलीकडच्या गप्पा मारून गॅलरीतल्या लोकांचं डोकं खाईल. त्यानं यातलं काही केलं नाही. ट्रंक खाटेखाली सरकवली, ओळखीच्या जॉबरला भेटून गिरणीत पुन्हा फिटरचं काम धरलं, आणि संध्याकाळी दारात बसून रस्त्याकडे बघायला लागला. कुणी परदेशी निघालेला चार गोष्टी विचारायला आलाच, तर म्हणायचा, "सांगण्यासारखं काही नाही रे. उन्हं फार असतात."

खोटं बोलत होता. सांगण्यासारखं त्याच्याकडे इतकं होतं, की एडनच्या बंदरात उतरणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्यांदा त्याचंच नाव विचारायचा. तिथं तो दौलतमामा होता. लढाईच्या दिवसांत बंदरातल्या वर्कशॉपात फिटर म्हणून गेला, आणि पुढं कुणी न सांगता नव्या माणसांचा मामा होऊन बसला. बोट लागली की हा धक्क्यावर हजर. रत्नागिरीकडचा, गिरणगावातला, पत्र्याची पेटी छातीशी धरून भांबावलेला कुणीतरी दिसला की याचा हात त्याच्या खांद्यावर पडायचाच. मग त्याला क्रेटर भागातल्या आपल्या खोलीवर न्यायचं, भात आणि सुकटीचं कालवण वाढायचं, आणि जेवता जेवता शिकवणी सुरू करायची. दुपारी रस्त्यावर फिरायचं नाही. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही. अरबाच्या घरातल्या बाईमाणसाची चौकशी करायची नाही, मग ती कितीही आपुलकीची असो. तांदूळ अमक्या गुजराथ्याकडचा घ्यायचा आणि आमसुलं मात्र घरूनच मागवायची, कारण ती तिथं सोन्याच्या भावानंही मिळत नाहीत.

या सगळ्यात मोठी विद्या होती उपासाची. परमुलखात कोण कधी काय पुढं करील याचा नेम नसतो. साहेबाच्या कँटीनमध्ये डब्यातलं मांस यायचं, मुकादमाच्या घरी परातभर काहीतरी यायचं. खाववत नाही, आणि नको म्हटलं तर समोरचा दुखावतो. अशा वेळी काय करायचं ते मामा उभा राहून करून दाखवायचा. उजवा हात छातीवर ठेवायचा, मान थोडी लववायची, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत ठेवायचे आणि हसून म्हणायचं, "आज माझा उपास आहे."

"जगात कुठंही जा," मामा सांगायचा, "उपासाच्या माणसावर कुणी रागावत नाही. अरब तर उलट मान देतो. पण एक ध्यानात ठेव. हे खाण्यापुरतं. पाण्याला कधी नाही म्हणायचं नाही. या मुलखात पाणी उंटाच्या गाडीवरून येतं. जो आपल्यातलं पाणी देतो त्याला नको म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं."

पोरं ही विद्या पटकन शिकली, जरा जास्तच पटकन. वर्कशॉपातला अरब स्वयंपाकी एकदा मामाला म्हणाला होता, तुमच्या लोकांइतकी धार्मिक माणसं मी पाहिली नाहीत, आठवड्यातले सहा दिवस उपास, आणि तरी एकाचंही पोट आत जात नाही.

आता या दौलतमामाच्या पोटात काय होतं ते सांगायला हवं. पहिल्यांदा एडनला उतरला तेव्हा धक्क्यावर कुणी मामा नव्हता. दोन दिवस तो गोदीच्या भिंतीशी पेटीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी एका राजापूरकडच्या माणसानं मराठी ऐकून विचारलं, "गाव कुठलं?" दौलतनं गाव सांगितलं. मग आला तो प्रश्न, जो कोकणातला माणूस कोकणातल्या माणसाला विचारल्याशिवाय राहत नाही. "वाडी कुठली?"

गावात प्रत्येक जातीची वाडी वेगळी. वाडीचं नाव सांगितलं की आणखी काही सांगावं लागत नाही. दौलतची वाडी गावाबाहेरची, अस्पृश्यांची. दोन दिवसांचा उपाशी माणूस, समोर भाताचा वास येणारी खोली. तो म्हणाला, "मधली वाडी."

दोन शब्दांचं खोटं. पण त्यावर खोली उभी राहिली, खोलीवर मामा उभा राहिला, आणि मग ते काढून घेण्याची सोय राहिली नाही. एरवी तो कुणालाही फसवत नव्हता. ज्याला जे दिलं ते मनापासून दिलं. फक्त दिवाळीत माणसं गावच्या आठवणी काढायला बसली की त्याला काहीतरी काम आठवायचं.

सगळ्यांत जीव लावला तो कुशाबाला. हा लालबागचा, मूळचा दौलतच्या शेजारच्याच गावचा. आल्या आल्या त्याला ऊन लागलं आणि अंगात ताप भरला. अंग भट्टीसारखं, डोळे पांढरे. मामानं कामावर खाडे केले, ओल्या धडप्यात त्याला गुंडाळून ठेवलं, चमच्या-चमच्यानं पेज घातली, आपल्या वाट्याचं पाणी त्याच्या तोंडात सोडलं. बरा झाल्यावर कुशाबा म्हणाला होता, "मामा, माझ्या आईनं जन्म दिला, पण पाणी तू पाजलंस." मामानं हे वाक्य जपून ठेवलं. त्याला पुढं याच वाक्यावर जगायचं होतं.

छप्पन सालचा डिसेंबर. संध्याकाळी खालच्या दुकानदाराच्या रेडिओवर बातमी लागली, की बाबासाहेब गेले. वर खोलीत माणसं पत्ते खेळत होती. कुणी म्हणालं, "मोठा माणूस गेला," आणि पुढचं पान टाकलं. दौलत जिन्यात होता. त्याला वर जाता येईना की खाली उतरता येईना. तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा मोठ्यानं रडायला लागला. बारा-तेरा वर्षं दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

रामू नावाचा एकजण पत्ते टाकून धावत आला. "मामा, काय झालं? कोण गेलं?"

"बाप गेला," दौलत म्हणाला.

रामूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याला आठवलं, की मामाचा बाप तर कधीच वारलेला आहे, मामानंच सांगितलं होतं. खालून रेडिओ चालूच होता. पाठीवरचा हात हळूहळू उचलला गेला. दौलतला तो उचललेला कळला.

कुणी भांडलं नाही. कुणी एक वाकडा शब्द काढला नाही, सगळी मामाच्या हाताखाली तयार झालेली माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं भात केला आणि ताटं मांडली. रामूनं उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली. "मामा, आज माझा उपास आहे." त्याच्या शेजारच्याचाही उपास निघाला. पलीकडच्याचाही. पातेलंभर भात घेऊन दौलत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी दाराशी त्याच्यासाठी पाण्याचा वेगळा डबा दिसला. नवा कोरा, स्वच्छ धुतलेला.

कुशाबा त्या वेळी खाडीपलीकडे नव्या तेलकारखान्याच्या कामावर गेला होता, महिनाभर यायचा नव्हता. दौलतनं वाट पाहिली नाही. पाहायची हिंमत झाली नाही म्हणा. मिळेल ती बोट धरून तो निघून आला. पण मनात एक राहिलं. कुशाबा असता तर जेवला असता.

परळला उतरला तर इथं सगळंच बदललेलं. बायको मीराबाईनं दादरच्या वाळूत, बाबासाहेबांच्या चितेसमोर लाखो माणसांत उभं राहून दीक्षा घेतली होती. घरातले देव फडक्यात बांधून समुद्रात सोडले होते. अख्खी चाळ पांढऱ्या कपड्यांत त्या दिवशी चालत गेली होती, आणि त्या चाळीला आता एडनहून आलेल्या कुणाकडून तरी कळलं की आपला दौलत एवढी वर्षं तिकडं मधल्या वाडीचा होऊन राहिला होता. वाळीत कुणी टाकलं नाही. फक्त चाळीतल्या मंडळाच्या बैठकीला त्याला बोलवायचं लोक विसरायला लागले. बाबुराव म्हणून मंडळाचे म्हातारे पुढारी होते, ते एकदा जिन्यात थांबले आणि म्हणाले, "दौलत, आम्ही आमचं नाव घेऊन मार खाल्ला रे." एवढंच म्हणून ते वर गेले.

मीराबाई याहून सरळ. "आम्ही इथं देव टाकले," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिथं स्वतःलाच टाकून बसलात."

आता एक कुशाबाच शिल्लक होता. दौलत बायकोला अधूनमधून सांगायचा, की तो रजेवर येईल, आपल्याकडे येईल, बघच तू. मीराबाई म्हणायची, "आला तरी पाणी नाही प्यायचा." "पिईल," दौलत म्हणायचा. त्याला जगाकडून आता एवढंच हवं होतं. एका माणसानं आपल्या घरी येऊन पेलाभर पाणी प्यावं. मग ती सगळी वर्षं अगदीच वाया गेली नाहीत, असं म्हणता आलं असतं.

दोन वर्षं होत आली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना तेव्हा कोण जात नव्हतं? कामगार मैदानावर अशीच एक सभा होती. गिरणी सुटल्या सुटल्या दौलत गेला, आणि घोषणा देणाऱ्या गर्दीत त्याला कुशाबा दिसला. अंगानं भरलेला, घड्याळबिड्याळ लावलेला. दौलत मागे सरणार होता, पण कुशाबानंच हाक मारली, "मामा! मामा रे!" आणि गर्दी कापत येऊन त्याला मिठी मारली.

स्वयंसेवक बादलीतून पाणी फिरवत होते. एकच पेला, सगळ्या मैदानाला. दौलत प्याला. त्याच्या हातातला तोच पेला कुशाबानं घेतला, बादलीत बुडवला आणि घटाघटा प्याला. मिशा पुसत म्हणाला, "मामा, तू कुणाला न सांगता पळालास. मी रविवारी येतो तुझ्याकडे. चाळ सांग."

दौलत घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. मीराबाईला पेल्याची गोष्ट त्यानं तीनदा सांगितली. शनिवारी तिनं पितळेचा पेला चिंच लावून लखलखीत घासला आणि रविवारी सकाळी ताजं पाणी भरून ठेवलं. आपलं म्हणणं खोटं ठरावं अशी तिचीही इच्छा असावी.

कुशाबा आला. चप्पल काढली, पण आत आला नाही. "इथंच बसतो गॅलरीत, वारा बरा आहे," म्हणून उंबऱ्याबाहेर टेकला. शेजारच्या दारांतून माणसं काही ना काही करायला उभी राहिली.

"तुम्ही गेल्यापासून खोलीची रया गेली," तो म्हणाला. दौलतच्या कानाला तो 'तुम्ही' खटकला. तापात, भांडणात, परवाच्या मैदानातसुद्धा हा 'तू'च म्हणायचा. "नवे लोक येतात, त्यांना घ्यायला कुणी जात नाही. मागच्या बोटीचा एक पोरगा चार दिवस धक्क्यावर पडून होता. सगळ्यांनी मला सांगून पाठवलंय, मामांना परत घेऊन ये. वर्कशॉपातही तुमची आठवण काढतात."

"रामू काय म्हणतो?"

"तोच म्हणाला पहिला. तुमची सोय वेगळी करतो आम्ही. जिन्याखालची खोली आहे ना, ती रंगवून देऊ. तुमची तुम्हाला स्वतंत्र. कुणाचा त्रास नाही."

जिन्याखाली दौलत आमसुलांची बरणी आणि लाकडं ठेवायचा. मीराबाई पेला घेऊन उंबऱ्याशी येऊन उभी होती.

"ते मग बोलू," दौलत म्हणाला. "आधी पाणी घे."

कुशाबानं पेल्याकडे पाहिलं. मग शेजारच्या दारांकडे पाहिलं. लालबाग इथून हाकेच्या अंतरावर. कुणीतरी ओळखीचं असायचंच. मैदानातल्या पाण्याला घर नव्हतं, या पाण्याला होतं. त्याचा उजवा हात सावकाश वर आला आणि छातीवर टेकला. मान थोडी लवली. डोळे मात्र दौलतच्या डोळ्यांतच होते, आणि तो हसत होता.

"मामा, आज माझा उपास आहे."

अगदी शिकवलं तसं. कुठं काही चुकलं नव्हतं. पाण्यापुरतं जे सांगितलं होतं, तेवढं तो विसरला होता, किंवा आठवूनही त्याला जमलं नाही. दौलतला त्याचा रागही धड येईना. तापानं फणफणलेलं ते तोंड आठवत होतं आणि त्या तोंडात सोडलेलं पाणी आठवत होतं.

"बरं," तो म्हणाला. "उपास मोडू नये."

कुशाबा आणखी थोडा वेळ बसला, जिन्याखालच्या खोलीला खिडकीही पाडून देऊ म्हणाला, आणि "येतो, मामा" म्हणून गेला. शेजारची दारं एकेक करून रिकामी झाली. बाबुराव वरच्या कठड्याशी उभे होते. तेही आत गेले.

मीराबाईनं 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं, पेला पालथा घातला आणि नवऱ्याचं ताट वाढलं. भात होता, सुकटीचं कालवण होतं. पाहुण्यासाठी म्हणून जास्तीचं केलेलं.

"चला, जेवून घ्या," ती म्हणाली.

दौलत दारातून हलला नाही. "मला नको," तो म्हणाला. "माझा उपास आहे."

त्या घरातले उपास दोन वर्षांपूर्वीच देवांबरोबर समुद्रात गेले होते. मीराबाईनं ताटावर ताट झाकलं आणि त्याच्याशेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.