विहिरीतली बाभूळ

आमच्या गावात विहीर कधी आटते याची वाट पाहणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझा बाप होता. उन्हाळा लागला की बाकीचे आपापल्या विहिरीत डोकावून हळहळायचे. वडील डोकावून म्हणायचे, "हाये अजून," आणि तोंड पाडून घरी यायचे.

कारण आमच्या न्हाणीचं दार विहिरीच्या तळाशी होतं. म्हणजे अजून दार नव्हे, बाभळीचं खोड.

घर नवं बांधलं. स्लॅब पडला, समोर लोखंडी दार बसलं, फरशीसुद्धा चकचकीत आली. न्हाणीला मात्र आईचं जुनं लुगडं टांगलेलं. वारा आला की ते उडायचं. म्हणून आई उजाडायच्या आत, अंगावरच्या कपड्यांसकट, घाईघाईनं तांबे ओतून घ्यायची आणि मी बाहेर पहारा द्यायचे. चुलते मागच्या अंगणात येताना खाकरायचे. सभ्यता म्हणायची ती तेवढीच. मेहकरला प्लॅस्टिकचं दार तयार मिळतं, हे आई सांगून सांगून थकली.

"त्याले दार म्हनते काय कोनी?" वडील म्हणायचे. "वावराच्या धुऱ्यावर, बांधाले, आपली बाभूळ उभी हाये. नातवंडं म्हतारे होतीन, पन दार हलनार नाही, असं करतो."

"मले दार पाह्यजे," आई म्हणायची, "लाकूड नाही."

बाभूळ पाडली. पण बाभळीचं लाकूड पाण्यात मुरल्याशिवाय कापायला आरामशिनीवर न्यायचं नाही, नाहीतर भुंगा लागून त्याचं पीठ होतं, हा वडिलांचा नियम. नियम काही खोटा नाही, बैलगाडीचं लाकूड जुने लोक असंच मुरवत. खोड साखळीनं बांधून शेतातल्या जुन्या विहिरीत सोडलं. साखळी वर ठेवली तर कोणी चोरून नेईल, म्हणून तिचं टोक आतल्या बाजूला, हात पुरेल तिथे अडकवलं. मग पाऊस असा झाला, की साखळी, टोक, सगळंच पाण्याखाली गेलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. उन्हाळ्यातही पाणी हटेना. सारा गाव वडिलांना म्हणायचा, "नशीबवान हाये बुवा तुमी." आई तेवढी हसायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साखळी दिसली. ट्रॅक्टर लावून खोड बाहेर ओढलं तर ते काळंठिक्कर, आणि वास असा की ट्रॅक्टरवाल्यानं नाकाला रुमाल बांधला. आरामशिनीवरचे चाचा पातं दोनदा थांबवून म्हणाले, "भाऊ, ये लकडी है के लोहा?" ही तक्रार होती. वडिलांनी ती शाबासकी समजून गावभर सांगितली.

पण खरं सांगते, फळ्या निघाल्या त्या देखण्या. वरचा काळपटपणा गेला आणि आतून तांबूस, घट्ट लाकूड. मध्ये वारा खेळावा म्हणून लाकडाच्या चिपा ठेवून त्या सावलीत रचल्या. वडील येता-जाता त्यांवरून हात फिरवायचे. आणि तिथेच घात झाला. फळ्या वाळल्या तोवर वडिलांचं मन फिरलं होतं.

"एवढं लाकूड न्हाणीले? पाहील कोन तिथं? हे समोर लावू." निघणारं लोखंडी दार तरी न्हाणीला लावावं, तर ते रुंद. ते भंगारात द्यायचं ठरलं.

आई काहीच बोलली नाही. आई बोलत असते तोवर भीती नसते. हे आम्हा भावंडांना माहीत होतं, वडिलांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

सुतार आला त्या दिवशी वडील पितळी कडी-कोयंडा आणायला डोणगावच्या बाजारात गेले. आईनं सुताराला चहा दिला आणि न्हाणीसमोर नेऊन उभं केलं.

"वहिनी, भाऊ तं समोरचं म्हने," सुतार चाचरला.

"समोर चोराले अडवाले लोखंडी हाये. तुमी इथलं माप घ्या."

टेपचं दुसरं टोक मी धरलं. इतक्या आनंदानं मी आयुष्यात काही धरलं नसेल.

वडील परतले तेव्हा फळ्या न्हाणीच्या उंचीला कापून झाल्या होत्या. कापलेली फळी काही पुन्हा लांब होत नाही. त्यांनी एक फळी उचलून उभी धरली. "काऊन कापल्या वं?" आवाज चढवायला गेले, पण तो मध्येच चिरकला. मला त्यांची फार कीव आली.

"दार करतो म्हनले होते ना तुमी," आई म्हणाली. "करून राह्यला तो."

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी मात्र पितळी कडी स्वतःच सुताराच्या हातात दिली.

दार लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं चांगली अंगणात आल्यावर, सगळ्यांचे चहा आटोपून आई न्हाणीत गेली. आतून कडी लागली. मी सवयीनं बाहेर उभी. पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. आणि मग आई गायला लागली. आमच्या घरात आईला गाताना कोणी ऐकलं नव्हतं.

वडील टॉवेल खांद्यावर टाकून आले. दार वाजवायला त्यांनी हात उचलला, आणि ऐकत तसेच थांबले. मग हात खाली घेतला.

"करू दे तिले," मला म्हणाले. "मी मंग जातो."