पायाची मूळव्याध

त्वचेचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी शिकू लागले. त्याआधी दहा वर्षे कन्नड मुलखातल्या देशपांडे नगरात यजमानांच्या दवाखान्यात बसून रोग्यांशी कमीत कमी कसे बोलावे, याचाच अभ्यास केला होता. विकृतिशास्त्र निवडण्याचे खरे कारण एवढेच होते की काचपट्टीवरचा रोगी उलट प्रश्न विचारत नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत मी अर्थातच निराळे कारण सांगितले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असावी. आमच्या प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक होते; चांगला आमच्या विभागप्रमुख सरांचा, दुसरा आम्हा विद्यार्थ्यांचा. सोरायसिसमध्ये कातडीचा वरचा थर खाली सारख्या लांबीची बोटे सोडतो. कुष्ठरोगात पेशींचे पुंजके मज्जातंतूंच्या वाटेने जातात. एका कर्करोगात गडद बेटांच्या कडेला पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या राहतात. हे सारे मी वहीत रंगीत पेन्सिलींनी काढून ठेवी. दुसऱ्या, अधिक धोक्याच्या कर्करोगाची खूण म्हणजे वरच्या थराची खोलवर घुसलेली मुळे आणि त्यांत शिंगासारख्या द्रव्याचे गोल मोती. मोती दिसले की मला आनंद होई.

अळनावरकडच्या एका मजुराच्या पायाचा तुकडा आला, तेव्हाही झाला. घोट्याजवळ आठ वर्षे वाढत गेलेली, फुलकोबीसारखी गाठ. मोती भरपूर. सरांनी पाहिले आणि म्हणाले, "कॅन्सर. उद्या रिपोर्ट टाइप करा." शस्त्रक्रिया विभागाने गुरुवारी गुडघ्याखालून पाय काढायचे ठरवले होते, ते फक्त आमच्या कागदासाठी थांबले होते.

बुधवारी टाइप करायला बसले, तर तुकड्यासोबत आलेल्या अर्जावर पूर्वेतिहासाच्या रकान्यात एकच शब्द होता: पाइल्स. मेणाच्या ठोकळ्यांचे पातळ काप काढणारे आमचे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"अक्का, मूळव्याध पायाला कधीपासून होऊ लागली?"

"दुसरा आजार असेल त्याचा."

"असेल, असेल. लिहिलंय कुणी? ते नागपूरचे नवे डॉक्टर? त्यांना कन्नड येतं ते 'ऊटा आत?' एवढंच. जेवण झालं का विचारतात आणि पुढचं सगळं अंदाजानं लिहितात."

मी हसले, आणि मग थांबले. रोगी काय म्हणाला असेल, ते कन्नडमधून मनात म्हणून पाहिले. मुळ्ळ. म्हणजे काटा. नागपूरच्या कानाला त्यात मूळव्याध ऐकू आली असावी.

विचारल्यावाचून इलाज नव्हता. वॉर्डाच्या दाराशी मी दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्या वेळी त्याच्या खाटेपाशी जाऊन कन्नडमध्येच विचारले, मूळव्याध आहे का? त्याने शेजारच्या खाटेकडे पाहिले.

"ऐकलंस का? काढणार पाय, आणि विचारतात बैठकीचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मुळ्ळ्री, बाई. बिदिर मुळ्ळ." बांबू तोडताना काटा घुसून आत मोडला होता, तिथूनच गाठ सुरू झाली. मग त्याने विचारले, "पाय राहतो का, बाई?"

"अजून बघते आहे," एवढेच मला सुचले.

काट्यातून शिरणारी एक बुरशी असते. ती कातडीला इतकी डिवचते की वरचा थर वेड्यासारखा वाढून हुबेहूब कर्करोगाचे सोंग घेतो, मोत्यांसकट. हे मी वाचले होते, पाहिले नव्हते. अण्णांनी ठोकळ्यातून आणखी खोलचे काप काढून दिले. मोठ्या पेशींच्या पोटात ते दिसले: मोहरीच्या दाण्यांसारखे गोल, तांबूस, काहींच्या मधोमध भेग. पहिली काच पुन्हा लावली. तिच्याही कोपऱ्यात दोन होते. काप स्पष्ट दिसावेत म्हणून आम्ही त्यांना रंग देतो, त्याच रंगाचा मळ समजून मी मोत्यांकडे वळले होते.

सर चहा घेत होते.

"सर, काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय."

"तुम्हाला ते रोजच वाटतं. आज कुठली काच?"

"उद्या पाय काढायचा आहे ती, सर. आज... माझ्या एकटीचं चुकलेलं नाही."

एवढे धीट वाक्य मी त्यांच्यासमोर आजवर उच्चारले नव्हते. सरांनी कप खाली ठेवला, दोन्ही काचा पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. "हा तांबूस रंग आपण दिलेला नाही," अखेर ते म्हणाले. "बुरशीचाच आहे. रिपोर्ट तुम्ही लिहा. मी सही करतो."

संध्याकाळी शस्त्रक्रिया विभागातून फोन आला. "म्हणजे बाई, मूळव्याधीनं पाय वाचवला म्हणायचा!" मी 'हो' म्हणून फोन ठेवला.

गुरुवारच्या यादीतून त्याचे नाव खोडले गेले. आयोडाइडच्या द्रावणावर त्याचा इलाज कितीतरी महिने चालला. पाय पूर्वीसारखा कधीच दिसला नाही, पण अंगाला राहिला. तपासणीला आला की तो त्याच पायाने जिना चढून आमच्या दाराशी उभा राही आणि दर वेळी एकच तक्रार करी: औषध फार कडू आहे.