आवाज न करता लावलेली खिडकी

त्या सिस्टरांचं नाव मला कधीच कळलं नाही. माझं ट्रेनिंग सुरू होईपर्यंत त्यांची बदली झाली होती. भेट एकदाच, परळच्या एका इस्पितळात, नर्सिंगच्या मुलाखतीला. वॉर्डाला लागूनच त्यांची खोली. छातीवर लटकणारं घड्याळ त्या सारखं मुठीत धरत, जणू त्याची टिकटिकही पेशंटना ऐकू जाईल.

“इंटरला थर्ड क्लास? कॉलेजात केलंस काय गं?”

तेवढ्यात रस्त्यावरून मोर्चा आला. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!”

“मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, आत माणसं झोपलीयत,” त्या पुटपुटल्या.

मी सवयीने उठले, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि खिट्टीखाली बोट धरून, आवाज न करता खिडकी लावली.

त्यांच्या मुठीतलं घड्याळ सुटलं. “हे कुणी शिकवलं?”

“वडील गिरणीत रात्रपाळीला असतात. दिवसा झोपतात. लालबागला आमची एकच खोली.”

“आणि अभ्यास?”

“जिन्यावर.”

त्यांनी मार्कांचा कागद पालथा घातला. “अभ्यास आम्ही करून घेऊ. असं वावरायला शिकवता शिकवता मात्र माझे केस पिकले. एक तारखेला ये.”

भर दुपारी घरी आले. वडील गाढ झोपले होते. बांगड्या खळकन खाली सोडून मी जन्मात पहिल्यांदा त्यांना हलवून उठवलं.

ते दचकले. “गिरणीचो भोंगो झालो काय गो?”

“नाय ओ बाबा,” मी चाळभर ऐकू जाईल अशी ओरडले, “मला घेतलं!”