आत्या गेल्याचा तपास

माझी आत्या एका सकाळी वारली आणि त्याच दुपारी माझ्यावर रुसली.

दोष माझ्या वाचनाचा. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. सांगोल्यात शाळा संपवून कॉलेजसाठी सोलापूरला आलो, तेव्हा शहराजवळच्या कुंभारी गावच्या आत्याने तीन वर्षं मला आपल्या घरी ठेवलं. तिच्या भाकरीवर मी बी.ए. झालो. आता सोलापुरात शिक्षक आहे आणि फावल्या वेळात जुन्या रहस्यकथा वाचतो. शंभरेक वाचल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. ज्याचा खून होतो तो माणूस म्हातारा, जमीनवाला आणि तोंडाने तिखट असतो. घरदार त्याच्यावर चिडून असतं. आणि खून करणारा इतका गोड असतो, की शेवटच्या पानापर्यंत तोच सगळ्यांना चहा करून देतो.

तर फोन आला. बोलत होता आत्याचा घरजावई, दत्तादाजी. (दाजी इतका गोड, की बैलालाही ‘अहो’ म्हणतो.)

“आत्या गेल्या,” दाजी म्हणाला.

रडायला तोंड उघडलं. पण आत्या म्हातारी, सहा एकरांची मालकीण, तोंडाने तिखट... बाहेर पडलं ते भलतंच.

“शेवटचं कुणी पाहिलं? कशाला हात लावू नका.”

मोटारसायकल काढून कुंभारी गाठली. अंगणात रडारड नाही, माणसं नाहीत, आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आणि दाजीने चहा आणला!

“घ्या. मग रडा.”

“मग म्हणजे?”

“रडायचं असतंय की. तुमच्यावर तर त्यांचा लई जीव हुता.”

रडवायची इतकी घाई कुणाला असते? ज्याला तपास नको असतो त्याला. मी कप खाली ठेवला (वास घेऊन) आणि खिशातली वही काढली.

“आत्याचं वाकडं कुणाकुणाशी होतं?”

“आता ते कशाला, गुरुजी? दोन टिपं गाळा, मोकळं व्हा.”

“शेजारणीचा बांध तिनं कोरला. पिठाच्या गिरणीवाल्याला चारचौघांत चोर म्हणाली. तुम्हाला रोज ऐतखाऊ म्हणायची. शिवाय आणखी चौघं आहेतच. अशीच माणसं मारली जातात, दाजी. अशा बाईला कोण सोडेल? सात नावं तर आत्ताच झाली.”

दार उघडलं. दारात आत्या. उभी, धडधाकट.

मी इतका गोंधळलो, की वहीत तिच्या नावापुढची फुली आधी खोडली.

“सकाळी डोस्क्यावर कावळा बसला माज्या,” आत्या म्हणाली.

तेव्हा कुठे उजेड पडला. डोक्यावर कावळा बसला की जिवाभावाच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी कळवायची. तो रडला की संकट टळतं. हा उपाय मी लहानपणापासून पाहत आलोय. पण पुस्तकांत कावळा कुठे नव्हता.

“समदी सोडून तुजं नाव घेतलं मी,” आत्या म्हणाली. “म्हटलं, भाचा ऐकल्याबरुबर ऊर बडवंल. तासभर दाराआड बसले. आन् हा माजं वैरी मोजतोय. लेक सोडली तर तुज्याबिगर मनापासनं रडनारं कोन हाय रं मला?”

हे ऐकलं आणि मला रडू फुटलं ते थांबेचना. समोर जिवंत बाई आणि मी तिच्या मरणाचं रडतोय. दाजीलाही राहवलं नाही, तोही रडला. आत्याने परीक्षा घेतल्यासारखं दोघांकडे पाहिलं.

“बास. जगले मी,” ती म्हणाली आणि पदराने माझं तोंड पुसलं. मला वाटलं, सुटलो.

“आता ती वही वाच.”

मी सातही नावं वाचली. आत्याचा चेहरा उतरला.

“सातच? निम्मं गाव जळतंय माज्यावर. लिही.”

तिने सांगितली, मी लिहिली. बारा झाली, तेरा झाली. मग ती माझ्याकडे वळली.

“आता खाली तुजं लिही.”

लिहिलं. दाजीने वाकून पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाला, “काय बी म्हणा, गुरुजी, अक्षर झ्याक हाय तुमचं.”