राईतली घोंगडी

निमगाव केतकीच्या ओढ्याकाठची आपली राई द्वारकाबाई भाड्यानं देई, याचं गावाला भारी नवल. सावलीचे कुणी पैसे घेतं का, म्हणून बायका नाकं मुरडत. मुरडोत बापड्या! ती चिंचा-आंब्यांची राई तिच्या नवऱ्यानं, रामहरीनं लावलेली, आणि अर्धांगवायूनं पाय गेल्यापासून त्याला माणसांची भूक लागली होती. शाळेची सहल, साखरपुडा, वनभोजन, काहीही असो, त्याची बाज मधोमध असायची आणि तो येईल त्याला गावगोत विचारत बसायचा. त्या दिवशी त्याला दोन घास जास्त जात. फुकट दिलेल्या जागेवर माणसं भिडेपोटी पुन्हा येत नाहीत, भाडं घेतलं की हक्कानं येतात, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

तिची अट एकच, चूल विहिरीपाशीच पेटवायची. ओढ्याकडच्या थोरल्या चिंचेवर आग्या मोहोळ होतं, आणि धूर लागल्यावर आग्या माशी कुणाचं ऐकत नाही. मोहोळ उतरवायचा विषय काढला की रामहरी भडके. "त्यांच्यामुळं आंबा धरतोय," म्हणे.

चौऱ्याण्णव सालच्या कार्तिकात वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या बायका पोराबाळांसह आवळीभोजनाला आल्या. आवळीखाली शिजवायचं, तिथंच जेवायचं, हा त्यांचा रिवाज. राईतली एकुलती एक आवळी नेमकी त्या चिंचेला खेटून. द्वारकाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"पेटवू दे गं," रामहरी बाजेवरून म्हणाला. "लांबनं आल्यात पोरी. वारं बी चिंचेकडनं हिकडं हाय."

त्याचा खुललेला चेहरा बघून ती विरघळली. एवढंच नाही, सतरंज्या कमी पडल्या तशी त्याच्या पायांवरची घोंगडीही काढून तिनं पाहुण्यांना अंथरली. ऊन चांगलं वर आलं होतं, तासाभरासाठी घोंगडीचं काय अडलं होतं!

वारं फिरलं. भाताचं आधण येतंय न येतंय तोच चिंचेवरून माशांचा काळा लोट उठला. किंकाळ्या, पळापळ. द्वारकाबाई बाजेकडं धावली, तर तोच ओरडला, "माझं ऱ्हाऊ दे! लेकरं ने आधी! आपल्या राईत आल्यात ती!"

तिनं दोन पोरं काखेत मारली, पदरानं झाकली आणि विहिरीजवळच्या खोपटात कोंडली. परत जाऊन आणखी दोन आणली. मग बाजेपाशी पोचली तेव्हा रामहरी अंगावर ओढायला काहीतरी चाचपडत होता. हात पायांकडं जाई आणि रिकामाच परत येई. घोंगडी आवळीखाली होती, तिच्यावर पत्रावळी मांडलेल्या.

संध्याकाळी इंदापूरच्या दवाखान्यात तो गेला. लेकरं सगळी वाचली. बाईनं काळजावर दगड ठेवला, असं लोक म्हणाले. दगड कसला! पोरं तिनं त्याच्याच शब्दाखातर नेली होती, त्याचं तिला काही नव्हतं. तिला खात होती ती घोंगडी. पाय गेल्यापासून ती त्याच्या हाताशी नाही असा तेवढा एकच दिवस गेला, आणि तो तिनंच आणला होता.

तिनं ना मोहोळ उतरवलं, ना झाडाला हात लावू दिला. पुढच्या कार्तिकात शाळेचे रावजी मास्तर सहलीचं विचारायला आले, चाचरत, खाली बघत. रिकाम्या बाजेवर घोंगडी घडी घालून ठेवलेली होती.

"या की, पोरं घिऊन या," ती म्हणाली. "चूल विहिरीपाशी. आन् मास्तर, बसायला तुमचं तुमी आणा. माझ्याकडं हाय, पर ती द्यायची न्हाय."