पिंपळाची पानं आणि ट्रकचा नंबर

“जे हललं तेवढंच धाडायचं, मावशी. बाकीचं त्यांच्याकडं हाये.” असं म्हणून तो एक डोळा मिटायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून आमच्या फाट्याकडे बघायचा. रस्त्यावर कॅमेरे बसवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिडी लावतात, खांबावर चढतात, निघून जातात. हा मात्र काम झाल्यावरही खांबाखाली बसून राहायचा.

कारण आमच्याकडे नेट बेताचं. चित्र हिंगोलीच्या पोलीस कंट्रोल रूमला पोचवायचं तर त्याचं वजन कमी करावं लागे. त्याची युक्ती साधी होती. रस्ता, टपरी, खांब एकदाच पाठवायचे. मग गाडी, माणूस, बकरी, जे हलेल तेवढंच.

मी तेव्हा नुकती साठी ओलांडलेली, म्हणजे तरणीच, आणि स्वतःला फार हुशार समजणारी. कॅमेरा माझ्या ओट्याकडे वळवतोय असं वाटून पहिल्याच दिवशी, तो वर असताना, मी त्याची शिडी उचलून न्हाणीमागे लपवली. तासभर अडकला बिचारा. वरून शांतपणे म्हणाला, “मावशी, इथून तुमची न्हाणी बी दिसून राहिली, आन् शिडी बी.”

ओट्यासमोरचा पिंपळ आमच्या ह्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेला. पानांचा कचरा कोण झाडणार, म्हणून नवी नवरी असताना मी त्याच्या बुडाशी रोज साबणाचं पाणी ओतायचे. त्याला ते चांगलंच मानवलं.

एका सकाळी फाट्यावर दूधवाल्याला ट्रकनं उडवलं. पाय मोडला, ट्रक पळाला. कंट्रोल रूममध्ये बघितलं तर ट्रक म्हणजे नुसते पुसट चौकोन, नंबरचा पत्ता नाही. पिंपळाची पानं वारा नसतानाही थरथरतात. ती सगळी हलतात, म्हणून ती सगळी हिंगोलीला जात होती. ट्रकसाठी जागाच उरत नव्हती.

कंट्रोल रूमचे साहेब जीपमधून आले, वर बघितलं आणि म्हणाले, “झाड काढून टाका.”

“आठ दिवस द्या साहेब,” हा म्हणाला. “जमलं न्हाई तर तोडणारा माणूस मीच आणतो.”

साहेब गेल्यावर मी त्याला धरलं. “काहून रे, झाड तुझ्या बापानं लावलं व्हय?”

“न्हाई मावशी. म्हणून तर आठ दिवस मागितले.”

मग तो लॅपटॉप घेऊन पिंपळाखाली माझ्या बाजेवर बसला. मधेच एकदा दवाखान्यात जाऊन दूधवाल्याला सांगून आला, “तुमच्या ट्रकचा नंबर माझ्यामुळं गेला.” दूधवाला म्हणाला, “नंबर घावला असता तर पाय जुडला असता का? बस, चहा घे.” तरी परत आल्यावर तो जेवायलाही न उठता लॅपटॉप घेऊन बसला.

आठव्या दिवशी त्यानं पिंपळ आणि त्याखालची जागा एवढा तुकडा चित्रात वेगळा केला. तो एकदाच पाठवायचा, पुन्हा कधीच नाही. मग फोन कानाला लावून आम्ही एसटीची वाट बघत राहिलो. एसटी आली. साहेबांनी तिकडून नंबर वाचला, मी रस्त्याकडेला पिंपळापाशी उभी राहून ताडून बघितला. शेवटचा आकडा जुळेस्तोवर माझा हात पिंपळाच्या खोडावर होता, हे मला नंतर कळलं.

“बराबर हाये,” मी म्हणाले. तो गार झालेला चहा पिऊन टाकून उठला.

पुढे त्याचा करार संपला. तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला. फोन आता लागत नाही.

गेल्या महिन्यात एका टेम्पोनं माझा ओटा फोडला, म्हणून मला हिंगोलीला बोलावलं. कंट्रोल रूममधल्या मुलीनं आमचा फाटा दाखवला. टेम्पोचा नंबर स्वच्छ होता. आणि पिंपळाखाली बाजेवर तो बसलेला. मांडीवर लॅपटॉप, मान खाली. नको ते सगळं गाळणाऱ्या माणसाकडून त्या तुकड्याचं बटण दाबताना स्वतःला तेवढं गाळायचं राहून गेलं होतं.

“आजी, हा माणूस कोण?” मुलगी म्हणाली. “कधीच उठत नाही. रात्रीसुद्धा याच्या अंगावर ऊन असतं. झाडाचा तुकडा नवीन घेऊन टाकू का?”

“टेम्पोचा नंबर दिसून राहिला ना?”

“हो.”

“मग ह्याची तुला काय तकलीफ?”

तिनं माऊसवरचा हात काढला. पडद्यावर टेम्पो त्याच्या शेजारून गेला. त्यानं मान वर केली नाही.