लॉनखालचा कातळ

प्लॉट घेताना तुम्ही जमीन बघता की फोटो?

मी फोटो काढते. बागांचे, जाहिरातींसाठी. नाशिकबाहेरच्या एका फार्महाउस स्कीमचं 'फॉर्मल गार्डन' मला शूट करायचं होतं. फॉर्मल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, झुडपं कात्रीनं चौकोनी कापलेली, मधोमध कारंजं. जाहिरातीचं वचन होतं, 'सुपीक जमीन, स्वतःची आमराई.'

बागेच्या कडेला रस्त्यासाठी टेकडी उभी कापली होती. त्यामुळे जमिनीच्या पोटातलं सगळं उघडं पडलेलं. वर हिरवळ, तिच्याखाली बाहेरून आणून पसरलेली वीतभर माती, आणि मग थेट काळा कातळ. बेसॉल्ट. थिजलेला लाव्हा. मुळं शिरतील असा मुरूमसुद्धा मध्ये नाही. मी वाइड लेन्स लावली आणि बाग व कातळ एकाच फ्रेममध्ये घेतले.

"खालचं क्रॉप कर," बिल्डर शेठ म्हणाले.

"नाही करणार. जमीन विकताय ना? मग जमीन दिसू दे."

काम गेलं, असं मी धरून चालले. शेठनी स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "ताई, कसला भारी फोटो काढलाय!"

लवकरच हायवेवर होर्डिंग लागलं. फोटो जसाच्या तसा. खाली ओळ : 'पाया भक्कम. पिढ्यान्‌पिढ्या.' माझं तत्त्व हायवेवर टांगलं गेलं, लाइटिंगसकट.

ते बघून शेजारचे भामरे काका पेढे घेऊन आले. मूळचे सटाण्याचे. अंबड एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झालेले. फंडाचा सगळा पैसा घालून त्यांना तिथे प्लॉट घ्यायचा होता आणि आंबे लावायचे होते.

"तुझा फोटो पाहिला, पोरी. उद्या टोकन देतो."

मी पेढा परत डब्यात ठेवला. "काका, टोकन राहू द्या. आधी पहार घ्या."

दुसऱ्या दिवशी साइटवर काकांनी शेठना विचारलं, "खणून बघू का जरा?"

"अहो काका, लॉन खराब होईल!"

तोवर काकांनी पहार मारली होती. ती वीतभर गेली आणि ठण्णकन वाजली.

"ऐकलंत?" शेठ खूश. "भक्कम!"

"शेठ, मला आंबा लावायचाय. किल्ला नाही बांधायचा."

काकांनी टोकन दिलं नाही. होर्डिंग अजून आहे. शेठनी मला फेज टूसाठी बोलावलं. मी नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं मी रेट वाढवतेय. फोटो कितीही खरा काढा, त्याखालची ओळ शेठ लिहितात, एवढं मी शिकले.

म्हणून एक करा. प्लॉट बघायला जाल तेव्हा पहार सोबत न्या आणि लॉनच्या मधोमध मारा. होर्डिंगवरचा फोटो माझा असला, तर जरा जोरात.